पाण्याखालचा डोळा

मंडळी, आमच्या फ्रिजवर गेली कित्येक वर्षं एक फोटो चिकटवलेला आहे. फोटो तसा फसलेलाच. सगळीकडे निळा-हिरवा रंग, मध्यभागी सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या पसरलेलं एक प्रवाळ, आणि त्याच्या बाजूला करड्या रंगाचा एक मासा. २०१६ साली लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की लार्गोला गेलो होतो. बोटीवर चढायच्या आधी औषधांच्या दुकानातून पंधरा-सोळा डॉलरचा 'वापरा आणि फेका' छापाचा पाण्यातला कॅमेरा घेतला. २७ फोटो काढले, त्यातले २५ वाया गेले, एकात माझं बोट आलं आणि हा एक उरला.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी दूध पिता पिता तिने विचारलं, "बाबा, आई म्हणते मासा लाल होता. मग फोटोत तो असा राखेसारखा का दिसतो?"

मी पेशाने कंप्युटरवाला. "पाण्यात तसंच दिसतं" असं सांगून वेळ मारून नेता आली असती, पण पोरीसमोर अब्रूचा प्रश्न होता. त्यातच त्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा स्नॉर्केलिंगला न्यायचं ठरलं होतं आणि स्वस्तात मस्त कॅमेरा कोणता घ्यावा हा शोध चालूच होता. एका प्रश्नातून दुसरा निघत गेला आणि कॅमेऱ्यांच्या किमती बघता बघता मी थेट १८५६ सालात जाऊन पोहोचलो. तिथून परत येताना जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पेटी, दोरी आणि एक वकील

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात वेमथ नावाचं गाव आहे. तिथे विल्यम थॉम्पसन नावाचे एक वकील राहत. वकिली पोटासाठी, आणि समुद्रातले जीव गोळा करून अभ्यासणं हा जिवाचा छंद. १८५६ साली त्यांनी सुताराकडून एक लाकडी पेटी करून घेतली. पेटीला पुढून काच, काचेवर दोरी ओढली की उघडणारं झाकण, आणि आत कॅमेरा. त्या काळी फोटो काचेवर घेत. काचेला रसायन लावायचं आणि ती ओली असतानाच फोटो काढून धुवायचा. थॉम्पसन एका मित्राला बरोबर घेऊन होडीतून वेमथच्या उपसागरात गेले, पेटी सुमारे १८ फूट खाली सोडली, दोरी ओढून झाकण उघडलं आणि वाट बघत बसले. किती वेळ? १० मिनिटं!

पेटी वर आली तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं. तरीही काचेवर खडक आणि समुद्रातलं शेवाळ यांची पुसट आकृती उमटली होती. पाण्याखाली घेतलेला जगातला पहिला फोटो म्हणून याचंच नाव घेतात.

मला यात सगळ्यात आवडलं ते थॉम्पसन यांचं कारण. सुंदर चित्र मिळावं म्हणून त्यांनी हा खटाटोप केला नव्हता. पाण्याखालचे पुलांचे खांब, धक्के, खडक कुठल्या अवस्थेत आहेत हे पाणबुड्या न उतरवता, थोडक्या खर्चात कळावं असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे पाण्याखालचा पहिला कॅमेरा हा 'स्वस्तात कसं जमेल' या विचारातूनच जन्माला आला. आपल्या मराठी मनाला हे लगेच पटावं! पण पहिल्याच प्रयत्नात दोन शत्रूही दिसून आले. एक, पाणी आत शिरतं. दोन, खाली उजेड पुरत नाही. पुढची दीडशे वर्षं माणसं याच दोघांशी भांडत आली आहेत. तिसरा शत्रू म्हणजे किंमत.

दारूच्या दिव्यापासून बटाट्याच्या पिठापर्यंत

थॉम्पसन स्वतः पाण्यात उतरले नव्हते. कॅमेरा घेऊन खाली जाणारा माणूस म्हणजे फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ लुई बूताँ. फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनच्या सरहद्दीजवळ बान्युल्स-सुर-मेर इथे आरागो प्रयोगशाळा आहे. तिथे काम करताना बूताँ पाणबुड्याचा जड पोशाख घालून खाली जायला शिकले. खालचं जग बघून आल्यावर ते शब्दांत सांगता येईना, म्हणून १८९३ साली त्यांनी फोटो घ्यायचं ठरवलं. त्यांचे भाऊ ओगुस्त इंजिनियर. त्यांनी कॅमेऱ्यासाठी जलाभेद्य पेटी बनवून दिली. आमच्या इंजिनियर जमातीचं नाव या इतिहासात पहिल्यांदा येतं ते इथे.

या पेटीला एक रबरी फुगा जोडलेला होता. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. बाहेरचा दाब वाढला की फुगा दाबला जायचा, त्यातली हवा पेटीत शिरायची आणि आतला-बाहेरचा दाब सारखा व्हायचा. मग पाण्याला आत घुसायचं कारणच उरत नाही. किती साधी युक्ती! पण उजेडाचं काय? नैसर्गिक प्रकाशात एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागे. म्हणून बूताँ यांनी एका मोठ्या पिंपात प्राणवायू भरला, त्यावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा पेटवला, आणि रबरी चेंडू दाबून त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवली. पाण्याखाली झाला लख्ख उजेड. आपल्याकडे दिवाळीत भुईनळा लावतात तसंच म्हणा ना, फक्त समुद्राच्या पोटात! १८९९ मध्ये त्यांनी एमिल राकोव्हित्सा या रुमानियन शास्त्रज्ञाचा पाण्याखाली फोटो काढला, आणि १९०० साली या विषयावर पुस्तकही लिहिलं.

आता या गोष्टीत आमचं फ्लोरिडा येतं. की वेस्टच्या पश्चिमेला सुमारे ७० मैलांवर ड्राय टोर्टुगाज नावाची छोटी बेटं आहेत. तिथे कार्नेगी संस्थेची सागरी प्रयोगशाळा होती. विल्यम लॉन्गली नावाचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं उन्हाळ्यात तिथे जाऊन माशांच्या रंगांचा अभ्यास करत. १९२६ साली नॅशनल जिऑग्राफिकचे चार्ल्स मार्टिन त्यांच्या जोडीला आले. काम काय, तर माशांचे रंगीत फोटो, तेही पाण्याखाली.

त्या काळचे रंगीत फोटो 'ऑटोक्रोम' पद्धतीचे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ही पद्धत १९०७ मध्ये बाजारात आणली. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण तीन रंगांत रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यांतून प्रकाश गाळून घ्यायचा. या काचांना उजेड भरपूर लागतो. तो मिळावा म्हणून या जोडीने तराफ्यावर परावर्तक बसवला आणि त्याखाली मॅग्नेशियमची पूड उडवली, एका फोटोला जवळजवळ एक पौंड! एकदा थोडी पूड अवेळी भडकून लॉन्गली चांगलेच भाजले. पण फोटो मिळाले. १९२७ च्या जानेवारीच्या अंकात ते छापून आले आणि पाण्याखालचे जगातले पहिले रंगीत फोटो ठरले. त्यातल्या सर्वात गाजलेल्या फोटोत होता 'हॉगफिश' म्हणजे डुकरासारखं लांबट तोंड असलेला, तांबूस रंगाचा मासा.

हे वाचलं आणि मी उठून फ्रिजपाशी गेलो. आमच्या फोटोतला मासाही हॉगफिशच!

लाल रंग जातो कुठे?

आता पोरीच्या प्रश्नाचं उत्तर. पाणी सगळे रंग सारखे गिळत नाही. आधी लाल खातं, मग नारिंगी, मग पिवळा. १५ फुटांच्या आसपासच लाल रंगाचा बराचसा भाग संपतो. खोल जावं तसा शेवटी उरतो निळा आणि हिरवा. यात मेख अशी की हिशेब फक्त खोलीचा नाही. सूर्याचा प्रकाश वरून माशापर्यंत आला, समजा १० फूट, आणि माशावरून कॅमेऱ्यापर्यंत आणखी ७ फूट गेला, तर एकूण १७ फूट पाणी त्याने पार केलं. दहा फुटांवरच्या लाल माशाची राख झाली ती अशी. लॉन्गली-मार्टिन यांच्या फोटोत रंग आले, कारण त्यांनी स्वतःचा पांढरा उजेड तिथे नेला होता.

दुसरी गंमत अपवर्तनाची. शाळेत बादलीतली पेन्सिल वाकडी दिसते तोच नियम. सपाट काचेतून पाण्यात बघितलं की वस्तू साधारण पाव अंतराने जवळ वाटतात. त्यामुळे नवशिक्याला वाटतं, मासा अगदी हाताशी आहे. प्रत्यक्षात तो लांब असतो, आणि मध्ये पाणी, गाळ, तरंगणारे कण. फ्लॅश मारला तर ते कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

मालवणला माझा आतेभाऊ आहे. त्याची पर्यटकांना नेणारी होडी आहे. मी फोनवर त्याला हे सगळं शास्त्र ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हयसरला पाणी काय तुमच्या फ्लोरिडासारखा नितळ नसता. माशाच्या दोन हात जवळ जा, मगेच फोटो काढ." मी चार दिवस वाचून जे शिकलो ते त्याने एका वाक्यात सांगितलं!

श्रीमंतांचा खेळ, मग मध्यमवर्गीयांचा

१९४३ साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून हवी तेवढीच हवा देणारं यंत्र, ॲक्वालंग, तयार केलं आणि माणूस पाण्यात मोकळा झाला. फोटो काढायची हौस वाढली, पण सामान? १९५० च्या दशकात ऑस्ट्रियाचे हान्स हास यांच्या अनुभवातून रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी 'रोलीमरीन' नावाची धातूची पेटी निघाली. काम उत्तम, पण वजनदार आणि महाग. मग हौशी लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये प्लॅस्टिकच्या पेट्या करायला सुरुवात केली. इंडियानापोलिसच्या आईक ब्रिगहॅम यांनी अशाच पारदर्शक पेट्यांचा धंदा उभा केला, त्याचं नाव आयकलाइट. पारदर्शक पेटीचा फायदा अगदी बाळबोध आहे. पाण्याचा पहिला थेंब आत आला की दिसतो आणि तुम्ही वर पळता.

खरा बदल केला जाँ द वूतेर या बेल्जियन इंजिनियरने. कुस्तोंना पेटीशिवाय पाण्यात नेता येईल असा कॅमेरा हवा होता. द वूतेर यांनी कॅमेऱ्याचं अंगच पेटीसारखं केलं आणि जोडांवर रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग बसवली. ओ-रिंगची खुबी अशी की बाहेरून पाण्याचा दाब वाढला की ती आपल्या खाचेत आणखी घट्ट दाबली जाते. शत्रूचंच बळ वापरून दरवाजा बंद! हा कॅमेरा १९६० च्या सुमारास कुस्तोंच्या जहाजाचंच नाव घेऊन 'कॅलिप्सो' म्हणून आला. निकॉनने त्याचे हक्क घेतले आणि १९६३ मध्ये 'निकोनॉस' बाजारात आणला. पुढची जवळजवळ ४० वर्षं पाण्याखालचा कॅमेरा म्हणजे निकोनॉस असं समीकरण होतं. १९८४ चा निकोनॉस-पाच हा त्यातला सर्वात लोकप्रिय. २००१ मध्ये निकॉनने ही मालिका बंद केली.

निकोनॉसने वजन कमी केलं, तरी तो सगळ्यांच्या खिशाला परवडणारा नव्हता. शिवाय लेन्समधून दिसायची सोय नाही. अंतर डोळ्यांनी अंदाजायचं आणि तसा आकडा फिरवायचा. वर सांगितलेली पाव अंतराची फसवणूक इथे नडायची. एका रिळात ३६ फोटो. पाण्यात रीळ बदलता येत नाही. म्हणजे तासभराच्या डायव्हिंगला ३६ संधी, आणि किती फुकट गेल्या ते रीळ धुतल्यावरच कळणार.

सामान्य माणसाला दार उघडलं ते अनपेक्षित बाजूने. १९८० मध्ये मिनोल्टाने पिवळ्याधमक रंगाचा 'वेदरमॅटिक' काढला. छोटी रीळ, उथळ पाणी, समुद्रकिनाऱ्यावर खेळायला ठीक. मग १९८६ साली फुजीने जपानमध्ये रीळ घातलेला, एकदा वापरून परत करायचा कॅमेरा आणला. लवकरच फुजी आणि कोडॅक दोघांनी त्याला प्लॅस्टिकच्या जलाभेद्य कवचात बसवलं. ना फोकस, ना फ्लॅश, ना बॅटरी. हातमोज्यानेही दाबता येईल अशी दांडी आणि बाजूला रबर. जाणकार नाक मुरडत. पण पाण्याखाली आपण काय पाहिलं हे घरी येऊन आजीला दाखवणारे लाखो लोक याच कॅमेऱ्याने तयार केले. माझा फ्रिजवरचा फोटो त्याच घराण्यातला.

डिजिटल झाल्यावर काय बदललं

डिजिटल कॅमेऱ्याने दोन गोष्टी केल्या. प्रत्येक फोटोचा खर्च शून्यावर आणला, आणि चूक जागच्या जागी दाखवली. पूर्वी निकोनॉसवाल्याला जे वर्षभरात कळायचं ते आता एका दुपारी कळतं. २००० नंतर कॅनन आणि ऑलिंपस यांनी आपल्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांसाठी पारदर्शक प्लॅस्टिकची हाउसिंग काढली. यातली बरीच ४० मीटरपर्यंत नेता येत, आणि किंमत धातूच्या पेटीच्या मानाने किती तरी कमी. आणखी एक मोठी सोय म्हणजे 'व्हाइट बॅलन्स'. अमुक वस्तू पांढरी आहे असं कॅमेऱ्याला सांगितलं की तो बाकीचे रंग त्या हिशेबाने लावतो. उथळ पाण्यात थोडाफार लाल उरलेला असतो तो त्यामुळे परत येतो. मात्र मुळातच जो प्रकाश पोचला नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही. हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून शपथेवर सांगतो.

मग पेटीही गेली. २००५ मध्ये पेंटॅक्सचा ऑप्टिओ डब्ल्यूपी दीड मीटरपर्यंत, २००६ मध्ये ऑलिंपसचा ७२० एसडब्ल्यू तीन मीटरपर्यंत, २००९ मध्ये कॅननचा डी-१० दहा मीटरपर्यंत. ऑलिंपसची 'टफ' मालिका पुढे १५ मीटरवर गेली. २०२१ च्या सुरुवातीला ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदा दुसऱ्या कंपनीकडे सोपवला, पण ही मालिका चालू राहिली. २०२३ मध्ये टीजी-७ आला.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट निक वुडमन या कॅलिफोर्नियाच्या तरुणाची. २००२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाला लाटांवर खेळायला गेला असताना मनगटाला कॅमेरा बांधायची त्याची खटपट चालली होती. त्यातून गोप्रो निघाला. गंमत म्हणजे २००४ चा पहिला गोप्रो डिजिटल नव्हता, रिळाचाच होता! आज तारकर्लीला स्नॉर्केलिंगला गेलात तर तुमच्याबरोबरच्या पोराच्या हातात असलाच एखादा छोटा कॅमेरा असतो. बाहेर येईपर्यंत तुमचा व्हिडिओ तयार. ज्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं, त्याच्या तटाखालच्या पाण्यात मासे बघणारी माझी आत्या हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवते, याचं मला अजून नवल वाटतं.

मग घ्यायचं काय?

आता मुद्द्याचं. मी काय केलं, आणि कुठे फसलो, ते सांगतो.

पहिली चूक पिशवीची. मोबाइलसाठी मिळते ती प्लॅस्टिकची पिशवी, दहा-बारा डॉलरची. त्यात फोन घालून घराजवळच्या तळ्यात उतरलो. दहा मिनिटांत थॉम्पसन साहेबांची आठवण आली, फरक इतकाच की त्यांच्या काचेवर निदान फोटो तरी उमटला होता! नंतर बघितलं तर पिशवीच्या कडेत एक केस अडकला होता. आजचे फोन पाण्यात टिकतात असं म्हणतात, पण त्या चाचण्या स्थिर, गोड्या पाण्यात, अर्ध्या तासाच्या असतात. खारं पाणी आणि लाटा यांचा त्यात हिशेब नाही. शिवाय ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. तेव्हा फोन न्यायचाच तर चांगल्या कडक हाउसिंगमध्ये, आणि ते हाउसिंग आधी रिकामं, आत कागदी रुमाल ठेवून बुडवून बघायचं. रुमाल कोरडा निघाला तर पुढचं बोला.

खरेदीआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. किती खोल जाणार? काय टिपायचं आहे, हलणारी मंडळी की छोटे जीव? आणि वर्षातून किती वेळा? उत्तरांप्रमाणे हिशेब असा बसतो:

वर्षातून एकदाच, पोहण्यापुरतं पाणी असेल तर एकदा वापरायचा रिळाचा कॅमेरा अजूनही वाईट नाही. भर उन्हात, दुपारी १० ते २ च्या दरम्यान, ४ ते ८ फुटांवरून काढा.

मुलं, कासवं, हालचाल हवी असेल तर ॲक्शन कॅमेरा. २०१६ च्या हिरो-५ पासून गोप्रो पेटीशिवाय १० मीटर जातो. मागच्या एक-दोन पिढ्यांचा, वापरलेला घेतला तर बरेच पैसे वाचतात. पण त्याची लेन्स रुंद, त्यामुळे लांबचा मासा मुंगीएवढा येतो. जवळ जाणं भागच.

छोटे जीव, प्रवाळाचे बारकावे हवे असतील तर 'टफ' जातीचा कॅमेरा. १ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. २०२३ मध्ये टीजी-७ आला तेव्हा नवा साडेपाचशे डॉलरच्या आसपास पडत होता, जुना टीजी-५ किंवा टीजी-६ कमीत मिळतो. मी जुनाच घेतला. मात्र जुन्या कॅमेऱ्याचं रबर कसं आहे याची खात्री कोण देणार? म्हणून १५ मीटर लिहिलेलं असलं तरी मी तो ४-५ मीटरच्या खाली नेत नाही.

टाकी लावून खोल डायव्हिंग करणार असाल तर हाउसिंग आणि वेगळा दिवा हवाच. आणि तेवढे पैसे नसतील तर दिवा आधी, भारी कॅमेरा नंतर. बूताँ यांच्यापासूनचा इतिहास हेच सांगतो.

आणि सगळ्यांसाठी: ओ-रिंगवर वाळूचा कण, केस, धागा नाही ना ते रोज बघा. समुद्रातून आल्यावर कॅमेरा झाकण न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. आणि कॅमेऱ्याआधी चांगला मास्क घ्या, तरंगायला शिका. हात-पाय मारणाऱ्या माणसाचा फोटो हलणारच, आणि त्याचा पाय प्रवाळावर पडणार ते वेगळंच. बोटाएवढी फांदी वाढायला लागलेला काळ एका लाथेत संपतो.

त्याच जागी, पुन्हा

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघं की लार्गोला गेलो. बोटवाल्याला २०१६ चा फोटो दाखवला. त्याने जागा ओळखली, पण थोडा गप्प झाला.

२०२३ च्या जुलैमध्ये फ्लोरिडाचा समुद्र भयंकर तापला होता. मॅनटी बे इथल्या उथळ पाण्यातल्या यंत्राने १०१ अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ३८ सेल्सियसपेक्षा जास्त तापमान नोंदवलं. आपण अंघोळीला घेतो तसं पाणी! प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. तसंच राहिलं तर उपासमारीने मरतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की असं पांढरं पडणं जगभर चालू आहे, नोंदींतली ही चौथी वेळ.

आम्ही उतरलो. मुलगी माझा हात धरून होती. खाली शिंगं होती, पण ती नुसती हाडं. त्यावर तपकिरी शेवाळ चढलेलं. मी फोटोतली फांदी शोधत होतो आणि तिने हात सोडून बोट दाखवलं. डावीकडची, वर वळलेली फांदी तिने ओळखली होती. रोज दूध पिताना समोर असायची ना.

बोटीवर आल्यावर तिने विचारलं, "म्हणजे आपल्याकडे आहे तो तिचा जिवंतपणीचा फोटो?"

मी हो म्हटलं. तो फसलेला, निळा, सोळा डॉलरचा फोटो त्या क्षणापासून माझ्या लेखी फसलेला राहिला नाही. लॉन्गली दर उन्हाळ्यात त्याच बेटांवर का जात, ते तेव्हा कळलं. आणि वेमथच्या वकिलांनी तर सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, की पाण्याखालचं काय शिल्लक आहे, कुठल्या अवस्थेत आहे, हे थोडक्या खर्चात कळावं म्हणून हा उद्योग. आपण मधल्या काळात ते विसरून फक्त सुंदर फोटोंच्या मागे लागलो.

मुलीने त्या दिवशी टफ कॅमेऱ्याने त्याच फांदीचा फोटो काढला. आधी दोन हात जवळ गेली. मालवणच्या काकाचा सल्ला मी तिला दिला होता. या फोटोत रंग चांगले आले आहेत, पण दाखवण्यासारखा लाल रंग तिथे फारसा उरलेला नव्हता. आता फ्रिजवर दोन फोटो आहेत, प्रत्येकाखाली तारीख.

आतेभावालाही मी गळ घातली आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. त्याच्या होडीतून इतके कॅमेरे रोज पाण्यात जातात, त्यातला एक फोटो दर महिन्याला एकाच खडकाचा काढ म्हटलं. "त्यात पैसो काय मिळता?" असं त्याने विचारलं, पण मागच्या महिन्यात पहिला फोटो आला. गढूळ आहे, खडक ओळखू येतो.

तेव्हा मंडळी, यंदा सुट्टीत समुद्रावर गेलात तर परवडेल तो कॅमेरा घ्या, पण एक जागा ठरवा आणि मागे तारीख लिहा.